मुलांच्या छातीची वाढ : इलाज कधी करायचा आणि पैसे कोण देणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी रद्द झाला. त्याआधी २०२४ मध्ये महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर गेले. दोन्ही बातम्या आपल्या घरांसाठी चांगल्याच आहेत. पण एक तक्रार अशी आहे, की ती घेऊन गेलेल्या माणसाला विमा कंपनी "हे कॉस्मेटिक आहे" असे सांगून परत पाठवते. ती तक्रार म्हणजे मुलांची किंवा पुरुषांची वाढलेली छाती. डॉक्टर तिला गायनेकोमॅस्टिया म्हणतात.

शाळेत शिकवताना आम्हाला अशी मुले दिसतात. पीटीच्या तासाला पोट दुखते म्हणतात, मे महिन्यातही आत जाड बनियन घालतात, खांदे पुढे झुकवून बसतात. मुलगा अम्मीला सांगत नाही, अब्बांना तर नाहीच. वर्गात मात्र त्याला नावे पडलेली असतात. म्हणून या विषयावर शर्म बाजूला ठेवून बोलायला हवे.

आधी हे समजून घेऊ, की प्रत्येक वाढलेली छाती सारखी नसते. निप्पलच्या मागे रबरासारखी गाठ हाताला लागत असेल तर ती ग्रंथी वाढलेली असते. सगळीकडे मऊच लागत असेल तर बहुधा ती फक्त चरबी असते. चरबी वजन घटवल्याने कमी होऊ शकते, ग्रंथी व्यायामाने जात नाही. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांमध्ये थोडीफार ग्रंथी वाढते, कारण त्या काळात हार्मोन्सचा तोल हलतो. बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप उतरते. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला थेट ऑपरेशनला नेण्याची घाई करू नये. डॉक्टरला दाखवावे, धीर द्यावा आणि वाट पाहावी.

मोठ्या वयात सुरू झाले तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. ब्लडप्रेशर किंवा हृदयासाठीचे स्पायरोनोलॅक्टोन, काही मानसिक आजारांची औषधे, केस गळतीवरचे फिनॅस्टेराइड यांमुळे असे होऊ शकते. लिव्हर, किडनी, थायरॉइड यांचे आजार आणि क्वचित अंडकोषातली गाठ हीही कारणे असतात. आपल्या मोहल्ल्यांत जिम वाढल्या आहेत, तिथे कुणी 'बॉडी बनवायला' इंजेक्शन देत असेल तर सावध राहा. त्या स्टेरॉइडचा काही भाग शरीरात स्त्री-हार्मोनमध्ये बदलतो. मात्र डॉक्टरने लिहून दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नये, आधी त्यांना विचारावे.

गाठ एकाच बाजूला, कडक आणि निप्पलपासून बाजूला असेल, निप्पलमधून रक्त येत असेल, कातडी आत ओढली जात असेल किंवा काखेत गाठ लागत असेल तर एक दिवसही थांबू नका. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. प्रमाण कमी आहे, पण पुरुष लाजेपोटी उशिरा येतात.

तपासणीत सोनोग्राफी आणि रक्तातील हार्मोन्स पाहतात. वाढ नवी आणि दुखरी असेल तर डॉक्टर कधी काही महिने गोळ्या देतात. ग्रंथी जुनी होऊन घट्ट झाली असेल तर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, मग ऑपरेशन उरते. त्यात चरबी नळीने ओढून घेतात आणि निप्पलच्या कडेला छोटी चीर देऊन ग्रंथी काढतात. पुढे काही आठवडे घट्ट जॅकेट घालावे लागते. रक्त किंवा पाणी साचणे, बधिरपणा, छाती खोलगट दिसणे असे त्रासही होऊ शकतात. मूळ कारण तसेच राहिले तर वाढ परत येऊ शकते.

आता पैशांचा सवाल. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिलेल्या मजकुरानुसार कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी विम्यात धरली जात नाही. अपवाद तीन : अपघात, भाजणे किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती. चौथी वाट म्हणजे आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र. मुलाचा मानसिक त्रास या चौकटीत बसवणे अवघड जाते. म्हणून ऑपरेशनआधीच सोनोग्राफी, हार्मोन रिपोर्ट आणि डॉक्टरचे पत्र जोडून कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

गंमत म्हणजे जीएसटीचा नियम जास्त उदार आहे. कॉस्मेटिक सर्जरीवर कर लागतो, पण जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा दुरुस्त करण्यासाठी केलेल्या सर्जरीला त्यातून सूट आहे.  निदान काय लिहिले आहे यावर हा फरक ठरतो, म्हणून बिलाआधी विचारा. एकाच दुखण्याकडे सरकारचा एक नियम वाढीतला दोष म्हणून पाहू शकतो आणि दुसरा हौस म्हणून. हे कोडे सोडवणे नियामकाचे काम आहे, आणि ते आपण मागितले पाहिजे.

खासगी दवाखान्याची जाहिरात 'एका दिवसात घरी' म्हणते. तिथे भूल, तपासण्या, जॅकेट, औषधे आणि पुन्हा दुरुस्ती लागली तर तिचा खर्च धरला आहे का, हे लिहून घ्या. सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी आहे का, तेही पाहा. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या मागे पळू नका. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्याज टाळणाऱ्या घरांनी तर हा कागद दोनदा वाचावा.

खिसा रिकामा असेल तर जेजे, केईएम, सायन, नायर, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल ही सरकारी आणि महापालिकेची रुग्णालये आहेत, तिथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. थांबावे लागते, पण खर्च फार कमी येतो. फुले योजना यादीतल्या उपचारांनाच लागू होते, म्हणून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा.

काही घरांत विचारले जाते, की हे अल्लाहच्या रचनेत बदल करणे तर नाही? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ साली पुत्रजाया येथील अधिवेशनात, शारीरिक किंवा मानसिक त्रास देणारा दोष दूर करण्यासाठीची सर्जरी जायज मानली. निव्वळ हौसेची नाही. तरी आपल्या प्रकरणात रिपोर्ट दाखवून मुफ्ती साहेबांना विचारावे.

ऑपरेशन होवो न होवो, दोन गोष्टी फुकटात होतात. वालिदांनी मुलाला एकदा जवळ बसवून विचारायचे, आणि आम्ही शिक्षकांनी वर्गातली ती नावे बंद करायची.