ढाल होणे आणि ढाल करणे

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर काचेचे एक कपाट आहे. त्यात वक्तृत्व स्पर्धेची फिरती ढाल ठेवलेली असते. मधोमध महाविद्यालयाचे बोधचिन्ह, भोवती चांदीच्या पत्र्याचे लहान लहान तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर एकेका वर्षाच्या विजेत्याचे नाव. स्नेहसंमेलन जवळ आले की शिपाईमामा ती बाहेर काढतात, रांगोळीने घासतात, आणि बक्षीस समारंभ आटोपला की पुन्हा कुलपात ठेवतात. नाव फिरती ढाल. पण ती कपाटापासून व्यासपीठापर्यंतच काय ती फिरते.

यंदा स्पर्धेच्या तयारीसाठी त्या कपाटासमोरून येरझाऱ्या घालताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. बोलण्यात जिंकणाऱ्याला ढाल कशासाठी? वास्तविक त्याला तलवार द्यायला हवी. कारण व्यासपीठावर तो वारच करीत असतो. पण ही रीत आपण साहेबाकडून घेतली आणि तिचा अर्थ विचारण्याच्या भानगडीत पडलो नाही. मुंबईच्या शाळकरी क्रिकेटमध्ये हॅरिस शील्ड आहे. 1988 साली तेंडुलकर आणि कांबळी या दोन पोरांनी 664 धावांची अभंग भागी रचली ती याच ढालीच्या स्पर्धेत. तेथेही ढाल म्हणजे जिंकून भिंतीवर टांगायची वस्तू. वार झेलण्याचा काहीच संबंध उरलेला नाही.

मराठीत मात्र या शब्दाला मोठा वंश आहे. संस्कृतातले चर्म आणि खेटक बाजूला ठेवू. महिषासुरमर्दिनीच्या मूर्तीत खड्गाबरोबर खेटक असते, एवढे कलेच्या इतिहासाच्या तासाला आपण ऐकलेले असते. पण जुन्या मराठीत ढाल म्हणजे सैन्याचे मोठे निशाणसुद्धा. ते ज्या हत्तीवर चाले तो ढालगज. फौजेने कोठे वळायचे, मुक्काम कोठे करायचा, हे त्या निशाणावरून कळे. म्हणजे जी वस्तू आड धरायची तिचेच नाव सर्वांत पुढे, सर्वांना दिसेल अशा उंचीवर चालणाऱ्या वस्तूला! (हाच ढालगज शब्द पुढे धीट बाईला शिवीसारखा लावण्यात आला. तो कोणी लावला असेल हे सांगायला भाषाशास्त्र शिकावे लागत नाही.)

खरी ढाल मी पहिल्यांदा पाहिली ती एका वस्तुसंग्रहालयात, सहलीच्या निमित्ताने. म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कमावलेल्या कातड्याची, काळीभोर, गोल, आणि मध्यावर फुगीर. फुगीर अशासाठी की तलवारीचा घाव तिच्यावर ठरू नये, घसरून जावा. दर्शनी बाजूला पितळेची चार फुले. ती शोभेची असावीत असे मला वाटले होते. पण त्यांच्याखाली आतल्या कड्यांचे खिळे झाकलेले असतात. त्या कड्यांतून दोन मुठी जातात, त्या एकत्र करून डाव्या हाताने आवळून धरायच्या. आणि मुठीच्या जागी, बोटांची हाडे ठेचू नयेत म्हणून, एक लहानशी चौकोनी गादी असते. संग्रहालयात ही गादी दिसत नाही. ढाल भिंतीला पाठ लावून टांगलेली असते. फुले आपल्याकडे आणि गादी भिंतीकडे. ज्या बाजूला माणूस होता ती बाजू पाहायची असेल तर रखवालदाराची विनवणी करावी लागते. मी केली, त्याने हसून नकार दिला.

गादीची गोष्ट मला सांगितली ती माझ्या मामांनी. ते तरुणपणी कोल्हापूरला एका तालमीत मर्दानी खेळ शिकले. पट्टा, लाठी, विटा आणि फरी-गदका. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. नवशिक्या पोरगा फरी छातीशी घट्ट धरतो, जणू उबेला घेतली आहे. वस्ताद पहिला फटका हाणतात तो याच चुकीवर. ढाल छातीशी धरली तर ती स्वतःएवढेच अंग झाकते; हात लांब करून पुढे धरली तर तीच लहानशी ढाल सबंध देहाची वाट अडवते. म्हणजे ढाल जितकी आपल्यापासून दूर, तितकी ती मोठी. पण हात पुढे काढायला धीर लागतो, कारण वार आधी त्या हातावर येतो.

चिलखत आणि ढाल यांत फरक आहे तो येथे. चिलखत अंगावर चढवले की ते आपले काम आपण करते. ते अंगरख्याखाली लपवताही येते. प्रतापगडाच्या भेटीला जाताना महाराजांनी ते तसे लपवले होते. ढाल लपवता येत नाही, आणि तिच्यामागे झोपताही येत नाही. ती क्षणोक्षणी हलवावी लागते. शिवाय चिलखत फक्त घालणाऱ्याचे. ढाल मात्र दुसऱ्यापुढेही धरता येते.

ही शेवटची गोष्ट जुन्या ग्रीकांनी जितकी ओळखली तितकी क्वचितच कोणी ओळखली असेल. त्यांच्या पायदळाची ढाल जवळजवळ तीन फूट व्यासाची. ती डाव्या हातात अशी अडकवलेली असे की तिचा निम्मा भाग धरणाऱ्याच्या डाव्या अंगाबाहेर जाई, आणि शेजाऱ्याची उघडी उजवी बाजू झाकी. प्रत्येकाचा जीव उजवीकडच्या गड्याच्या हाती! ख्रिस्तपूर्व 418 मधील मॅन्टिनिआच्या लढाईचे वर्णन करताना थुसिडिडीस हा इतिहासकार मोठी मार्मिक नोंद करतो: चालून जाताना सैन्ये हळूहळू उजवीकडे सरकत जातात, कारण भीतीने जो तो शेजाऱ्याच्या ढालीत अधिकाधिक शिरू पाहतो. आणि प्लुटार्कने स्पार्टाविषयी सांगितले आहे की तेथे शिरस्त्राण टाकून पळणाऱ्यापेक्षा ढाल टाकून पळणारा अधिक निंद्य मानत. कारण शिरस्त्राण स्वतःसाठी, ढाल सगळ्या रांगेसाठी. अर्थात त्याच ग्रीसमध्ये आर्किलोकस नावाचा कवीही होऊन गेला, ज्याने आपण ढाल टाकून पळालो हे कवितेत बिनदिक्कत सांगितले. जीव वाचला, ढाल काय दुसरी मिळेल, असा त्याचा हिशेब. कवी म्हणून तो मला आवडतो. त्याच्या डावीकडे उभ्या असलेल्या माणसाचे पुढे काय झाले, ते मात्र कवितेत नाही.

आपल्या इतिहासात ढालीची सर्वांत मोठी कथा ही ढाल नसण्याची कथा आहे. 4 फेब्रुवारी 1670, कोंढाणा. सभासदाने आपल्या बखरीत सांगितले आहे की उदेभानाशी झुंजताना तानाजीची ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्या हातावर वार घेत तो लढत राहिला. दोघेही पडले. आपण हा प्रसंग शाळेत इतक्यांदा ऐकतो की त्यातला हात आपल्याला दिसेनासा होतो. गादी नाही, कातडे नाही, पितळेची फुले नाहीत, नुसता हात.

येथे मराठीच्या दोन साध्या क्रियापदांकडे लक्ष द्यावेसे वाटते. ढाल होणे आणि ढाल करणे. तानाजीने ढाल केली ती स्वतःच्या हाताची. दुसऱ्याची ढाल करणे ही गोष्ट निराळी. युद्धात नागरिकांना पुढे घालून त्यांच्या आडोशाने लढणे याला वर्तमानपत्रे मानवी ढाल म्हणतात. 1949 च्या चौथ्या जिनीव्हा कराराने त्याला मनाई केली. 1998 च्या रोम कराराने तो युद्धगुन्हा ठरवला. तरी तो चालूच आहे.

हे सारे मी वर्गातील एका मित्राला सांगितले, तेव्हा त्याने मला अडवले. म्हणाला, “मग बाजीप्रभूंचे काय? 1660 साली घोडखिंडीत त्यांना मागे ठेवून महाराज विशाळगडाकडे गेले. ही ढाल करणे नव्हे का? आणि पालखीत महाराज म्हणून बसलेला शिवा काशीद?” प्रश्न अवघड होता. भक्तिभावाने झटकून टाकण्यासारखा नव्हता. दोन दिवस विचार करून मी त्याला जे सांगितले ते असे. बाजीप्रभूंना ठाऊक होते की आपण कशासाठी उभे आहोत आणि याची किंमत काय. पण तेवढेच पुरेसे नाही. परंपरा सांगते की गडावर पोहोचताच तोफांचे बार काढायचे असे ठरले होते, आणि ते निघाले. मला ते बार फार महत्त्वाचे वाटतात. ढालीमागून जो सुखरूप पोहोचतो त्याच्यावर एक ऋण असते. मी पोहोचलो, तुझ्यामुळे पोहोचलो, हे त्याने मोठ्याने सांगायचे असते; खिंडीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

माझे उत्तर ऐकून मित्र काही बोलला नाही. पण आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली असणार.

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर आमचे ग्रंथालय चार वाजता बंद होत असे. गावाकडून येणाऱ्या, घरात बसायला जागा नसलेल्या मुलांची त्यामुळे फार अडचण व्हायची. सबंध वर्गाने निवेदन द्यायचे ठरवले. मसुदा झाला. सह्यांची वेळ आली तेव्हा कोणीतरी शक्कल काढली की सह्या नकोत, नावे कागदावर राहतात. एकानेच जाऊन तोंडी सांगावे. आणि तो एक म्हणून आम्ही आमच्यातल्या सर्वांत सरळ मुलाला निवडले. तो चांगले बोलतो, त्याच्याविषयी कोणाची तक्रार नाही, त्याला कोण काय करणार? तो आत गेला. आम्ही जिन्यावर थांबलो. आतून आवाज चढल्याचे ऐकू आले. आणखी कोण कोण आहे, असे त्याला विचारले गेले तेव्हा त्याने सबंध वर्ग असे खरे उत्तर दिले. मग दार उघडले आणि आम्हाला विचारण्यात आले. कोणी खाली पाहिले, कोणी घड्याळाकडे. मी जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत होतो. एकटाच उद्धटपणे बोलायला आला, असा अर्थ काढला गेला, आणि त्याच्या फी-सवलतीच्या अर्जावरची शिफारस एक सत्रभर अडकून पडली.

महिन्याभराने ग्रंथालयाची वेळ सहापर्यंत वाढली. त्या दोन तासांत आम्ही सगळे तेथे बसून अभ्यास केला. तो नव्हता. फीचे पैसे उभे करण्यासाठी तो संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागला होता. आम्ही त्याला चहा पाजला, “तू होतास म्हणून” असेही खासगीत म्हटले. पण कार्यालयात जाऊन, आम्हीही त्याच्याबरोबर होतो, एवढे चार शब्द त्या सत्रात कोणी बोलले नाही. तोफ कोणीच डागली नाही. माझ्या बाजूने म्हणायचे तर भीतीखेरीज दुसरे कारण नव्हते. माझाही सवलतीचा अर्ज त्याच टेबलावर होता.

यंदा मला वक्तृत्वात पहिला क्रमांक मिळाला. चांदीच्या नव्या तुकड्यावर माझे नाव कोरले जाईल आणि शिपाईमामा ते दर वर्षी रांगोळीने घासतील. समारंभ झाल्यावर ती ढाल कुलपात जाण्यापूर्वी मी पाच मिनिटे मागून घेतली आणि उलटी करून पाहिली. मागे गादी नाही, मूठ नाही. साधे लाकूड आहे, आणि भिंतीला अडकवण्यासाठी एक खिळपट्टी.

या अंकाची मुद्रिते तपासण्याचे काम संपादक मंडळाने ज्या विद्यार्थ्याकडे दिले आहे, तो तोच. हा मजकूर प्राध्यापकांच्या आणि तुमच्या हाती पडण्याआधी त्याच्या नजरेखालून जाईल. मी त्याला आगाऊ काही सांगितलेले नाही. लेखाखाली नाव मात्र पूर्ण घातले आहे, आणि त्याची एक प्रत कालच कार्यालयात देऊन पोच घेतली आहे.