दहा किलोमीटर आणि सहा तास

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचे भवितव्य बव्हंशी पहिल्या काही तासांतच ठरते. या अवधीत हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झाला, तर शरीराला पुरेल इतके रक्त पुढे ढकलणे हृदयाला अशक्य होते. रक्तदाब नव्वदच्या खाली घसरतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागतो. या अवस्थेस वैद्यकात ‘कार्डिओजेनिक शॉक’ म्हणतात. मनाला बसणाऱ्या धक्क्याशी तिचा संबंध नाही. झटका आलेल्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणांना ती गाठते आणि रुग्णालयात होणाऱ्या मृत्यूंचे ते एक प्रमुख कारण आहे.

1967 साली न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल या डॉक्टरांनी 250 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांपैकी 81 टक्के दगावले होते. पुढे 1999 च्या ‘शॉक’ चाचणीने नवी दिशा दाखविली. बंद पडलेली रोहिणी फुगा घालून वा शस्त्रक्रियेने तातडीने मोकळी केली, तर सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण 63 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर येते, असे तीत आढळले. त्यानंतर भिस्त यंत्रांवर ठेवली गेली. महाधमनीतील फुग्याच्या पंपाने जीव वाचत नाहीत, हे 2012 साली जर्मनीतील चाचणीने दाखविले. रक्ताभिसरण शरीराबाहेरून चालविणाऱ्या यंत्राबाबत 2023 साली तोच निष्कर्ष निघाला. 2024 साली हृदयाच्या कप्प्यात बसविण्याच्या सूक्ष्म पंपाने मात्र निवडक रुग्णांतील मृत्यू 58 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर आणले. त्याबरोबर रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचे उपद्रवही वाढले.

या अर्धशतकाच्या वाटचालीचा अर्थ स्पष्ट आहे. उत्तम साधने हाताशी असूनही शॉकमध्ये गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे वाचत नाहीत. तथापि बहुसंख्य रुग्णांत शॉक झटक्याबरोबर येत नाही. तो काही तासांनी येतो. तेव्हा या रोगाशी खरी लढाई तो येण्यापूर्वीच लढावयाची आहे.

येथेच बडनेऱ्याचा प्रश्न उभा राहतो. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या जंक्शनापासून अमरावती अवघी दहा किलोमीटर. नांदगाव खंडेश्वरकडून येणारा रुग्णही बडनेऱ्यावरूनच अमरावतीस जातो. अंतर थोडे आहे. वेळ मात्र अन्यत्र खर्च होतो. 2001 ते 2005 या काळात देशातील 89 रुग्णालयांतील वीस हजारांवर हृदयरुग्णांची नोंद झाली, तेव्हा त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम अवधी सहा तासांचा निघाला. छातीतील कळ ‘पित्त’ म्हणून सोसली जाते, सोडा घेतला जातो, सकाळची वाट पाहिली जाते. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत तर कळ न येता केवळ धाप वा घाम येतो आणि संशयही उत्पन्न होत नाही.

यावर उपाय अज्ञात नाही. तामिळनाडूत छोटी रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडण्यात आली. लहान ठिकाणी ईसीजी काढून गुठळी विरघळविणारे औषध द्यावयाचे आणि मग रुग्ण कॅथलॅबकडे पाठवावयाचा, अशी पद्धत बसविली गेली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. गरज आहे ती उपलब्ध दुवे एका साखळीत ओवण्याची.

बडनेरा परिसरातील प्रत्येक शासकीय दवाखान्यात छातीच्या तक्रारीचा ईसीजी दहा मिनिटांत निघावा. तो तज्ज्ञास तत्काळ दाखविण्याची सोय रात्रीही असावी. कॅथलॅब वेळेत गाठणे शक्य नसेल तेथे गुठळी विरघळविणारे औषध साठ्यात असावे आणि ते देण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्यास निःसंदिग्धपणे असावा. रक्तदाब घसरलेला रुग्ण मात्र मधल्या रुग्णालयांत न अडकता थेट कॅथलॅबकडे जावा, कारण शॉकमध्ये केवळ औषधाचा प्रभाव अपुरा पडतो. किती रुग्णांस किती मिनिटांत उपचार मिळाले, हे दरवर्षी जाहीर व्हावे.

लक्षावधी रुपयांच्या पंपाची मागणी करणे सोपे आहे, आणि अशा यंत्रांचेही स्थान आहेच. पण ज्या रुग्णाची रोहिणी दुसऱ्या तासात मोकळी झाली, त्याच्यावर त्या पंपाची पाळी सहसा येत नाही. बडनेऱ्याहून अमरावतीस पोहोचावयास अर्धा तास पुरतो. उरलेले साडेपाच तास वाचविणे हे समाजाचे आणि शासनाचे संयुक्त कर्तव्य आहे.