आरोपी सुटले, मग बॉम्ब ठेवले कुणी?

वैभववाडीत घरटी एक तरी माणूस मुंबईला असतो. त्यामुळे 2006च्या लोकल बॉम्बस्फोटांत शिक्षा झालेल्या सर्व 12 जणांना 21 जुलै 2025ला हायकोर्टाने निर्दोष ठरवलं, तेव्हा आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही संताप होता. 180हून जास्त माणसं गेली होती. दहाच दिवसांनी 2008च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथे 6 बळी. यावेळी मात्र आधी चिडलेले बरेचजण खूश होते, आणि आधीचे गप्प चिडले.

गंमत म्हणजे दोन्ही निकालांत अडलं ते पुराव्यावरच. लोकल प्रकरणात हायकोर्टाने कबुलीजबाब नाकारले. मालेगावात बॉम्ब त्या मोटारसायकलमध्येच होता, हे सिद्ध झालं नाही. संशय कितीही दाट असला तरी त्यावर शिक्षा होत नाही.

लोकलच्या निकालाविरोधात राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असं 24 जुलैला ठरलं. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. मालेगावात हायकोर्टात अपील केलं ते मृतांच्या नातेवाइकांनी.

मग बॉम्ब ठेवले कुणी? हे कोर्टाला नाही, तपास करणाऱ्यांना विचारा. दोन्ही प्रकरणांत सुरुवातीचा तपास एटीएसचाच होता.