यारीचालकाचा ‘थांबा’ मानलाच पाहिजे!

पूल उभा राहिला की लोक पुलाकडे पाहतात, उद्घाटकाचे नाव वाचतात. परंतु ज्या यारीने त्या पुलाचे अजस्र खंड जागी बसविले तिच्या केबिनमध्ये तासन् तास बसलेल्या माणसाची आठवण कुणालाच होत नाही. ती होते एकाच दिवशी. यारी कोसळते त्या दिवशी! आणि तीही कृतज्ञतेने नव्हे, तर ‘दोष कोणाचा?’ या प्रश्नाचे सोयीचे उत्तर म्हणून.

सप्टेंबर 2015 मध्ये मक्केत वादळी वाऱ्यात यारी कोसळून शंभराहून अधिक यात्रेकरू मरण पावले. 1 ऑगस्ट 2020 रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात भाराची चाचणी चालू असतानाच यारी पडली व 11 जण दगावले. 31 जुलै-1 ऑगस्ट 2023 च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसविणारे यंत्र कोसळून 20 जणांचा बळी गेला. प्रत्येक वेळी चौकशी झाली. पण वरातीमागून निघालेल्या या घोड्यांचा मेलेल्यांना काय उपयोग?

यारी चालविणे म्हणजे केवळ तरफा ओढणे, हा समज साफ चुकीचा आहे. वीस टनांची म्हणून विकली जाणारी यारी सर्वच अंतरांवर वीस टन उचलीत नाही. ओझे जितके दूर, तितका यंत्राला उलथवू पाहणारा जोर अधिक. अंतर दुप्पट झाले की तोच भार दुप्पट जोराने ओढतो. त्यात पायाखालची जमीन पावसाने भुसभुशीत झालेली, वारा सुटलेला, ओझे झोके घेत असलेले. कोणत्या अंतरावर किती भार पेलेल याचा तक्ता केबिनमध्ये टांगलेला असतो. आणि तो जाणणारा चालक ‘हे ओझे उचलणार नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो कामचुकारपणा करीत नसतो, खाली उभ्या असलेल्या खलाशांचे प्राण राखीत असतो.

परंतु खाली मुकादम घाई करतो, ठेकेदार मुदतीचा धाक घालतो, आणि रोजंदारीवरील चालकाला ठाऊक असते की आज नकार दिला तर उद्या त्या जागी दुसरा बसेल. तो मुकाट्याने ओझे उचलतो. पुढे अनर्थ ओढवला तर बोट त्याच्याकडेच दाखविले जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच!

नियम नाहीत असे नव्हे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 29 व्या कलमातच, उचलयंत्राची जाणकाराकडून वर्षातून निदान एकदा कसून तपासणी व्हावी, ठरल्याहून अधिक भार घालू नये, रुळांजवळ माणूस काम करीत असता फिरती यारी 6 मीटरांच्या आत येऊ नये, असे स्पष्ट बंधन घातले गेले. उणीव कायद्याची नाही. तो कामाच्या जागी पाळून घेणाऱ्याची आहे.

हा प्रश्न दूरच्या बंदरांचाच आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. ओतशाळेत 1300 अंशांहून अधिक तापलेल्या लोखंडाचे भांडे यारीवरून माणसांच्या डोक्याजवळून सरकते, तेव्हा एका साखळीची झीज किती घरांचे दिवे विझवू शकते, हे ओतकामगारांच्या कुटुंबांना सांगावे लागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. धोका दिसताच काम थांबविण्याचा चालकाचा अधिकार लेखी मान्य व्हावा व त्यापायी त्याचा रोज बुडू नये. भाराचा तक्ता त्याला वाचता येईल अशा भाषेत असावा. ज्याच्या हाती दहा जणांचे जीव, त्याला समजत नाही अशा भाषेतील सूचना म्हणजे सूचना नव्हेत, तो मालकाच्या बचावाचा कागद होय. इशारे देणारा माणूस एकच व शिकलेला असावा. आणि सलग दोन पाळ्यांचे काम एका चालकाच्या गळ्यात मारणे बंद व्हावे.

यात खर्च आहे, विलंबही आहे. पण पूल महिनाभर उशिरा झाला तर वाहने महिनाभर उशिरा धावतील; गेलेला माणूस मात्र परत येत नाही. कारखानदारांनी व ठेकेदारांनी हा हिशेब आजच मांडावा, आणि कामगार संघटनांनी तो त्यांच्याकडून मांडून घ्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.