चालतंय ना? मग कशाला हात लावता!

फायनल इयरच्या प्रोजेक्टचं आयुष्य ठरलेलं असतं. व्हायवाच्या दिवशी एका ठराविक लॅपटॉपवर तो झकास चालतो. एक्स्टर्नल मान डोलावतात. पुढच्या वर्षी एखादा ज्युनियर हौसेने तोच कोड आपल्या मशीनवर घेतो, आणि पहिल्याच कमांडला एररचा पाऊस! कोड बरोबर असतो. पण लायब्ररीचा पाथ सीनियरच्या डी ड्राइव्हचा, कंपायलरचं व्हर्जन सीनियरच्या डोक्यात, आणि सीनियर नोकरीला! मग ज्युनियर सगळं पहिल्यापासून लिहितो.

सोर्स कोडपासून चालता प्रोग्राम कसा बनवायचा, आधी काय कंपाईल करायचं, कशाला काय जोडायचं, याची लेखी कृती म्हणजे बिल्ड सिस्टिम. माझं म्हणणं एवढंच, की ही कृती ग्रुपमध्ये एकालाच कळत असेल, तर ती बदलायला हवी. मग कोणी कितीही म्हणो, "चालतंय ना?"

हे वाक्य किती महाग पडतं बघा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये 'मेक' लिहिलं. त्यात कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस दिल्या की एरर! ही खोड त्यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरायला लागले होते. त्यांना त्रास नको म्हणून टॅब राहिला. डझनभरांची गैरसोय टळली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या माथी टॅब बसला.

आता उलट उदाहरण. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात. केडीई ३ चा बिल्ड ऑटोटूल्सवर होता. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल अशी तीन अवजारं, शिवाय शेल आणि एम४ ची खिचडी. पूर्ण समजणारी माणसं मोजकीच, बाकीचे जुन्या फाइलीतून कॉपी-पेस्ट. (ओळखीचं वाटतंय ना?) २००५ मध्ये स्पेनमधल्या मालागाच्या संमेलनात त्यांनी एसकॉन्सवर जायचं ठरवलं. काही महिने खटपट झाली, पण एवढ्या मोठ्या कोडला ते जमेना. मग २००६ च्या सुरुवातीला त्यांनी ते सोडून सीमेक धरलं, आणि काही आठवड्यांत मूळ लायब्रऱ्या बिल्ड व्हायला लागल्या.

हे जमलं कसं? दोन कारणं. एक, जुन्या ऑटोमेक फाइलींवरून सीमेकच्या फाइली बनवणारी स्क्रिप्ट त्यांनी लिहिली, हाताने सगळं उतरवत बसले नाहीत. दोन, सीमेक जिथे कमी पडलं, तिथे ते बनवणाऱ्या किटवेअरच्या लोकांनीच त्यात सुधारणा केल्या. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं ते सीमेकवरच.

आता कोणी म्हणेल, बदलून वापरणाऱ्याला दिसतं काय? काहीच नाही! प्रेझेंटेशनमध्ये या कामाची एक स्लाइडसुद्धा होत नाही. आणि नवी विटी नवा दांडू म्हणून बदल करणंही चूकच. तीन फाइलींच्या असाइनमेंटला साधी मेकफाइल भरपूर झाली. म्हणून कसोटी सोपी ठेवा. ग्रुपमधल्या प्रत्येकाला कोणाला न विचारता एक नवी फाइल प्रोजेक्टमध्ये घालून बिल्ड करता येते का? येत असेल तर हात लावू नका. येत नसेल तर लगेच लावा, प्रोजेक्ट वाढल्यावर ते काम दसपट होईल.

बदलताना पथ्यं मात्र पाळा. त्याच वेळी कोड सुधारत बसू नका, नाहीतर बिघडलं कशाने ते कळणार नाही. दोन्ही बिल्ड काही दिवस शेजारी-शेजारी चालवा. पोस्टग्रेस-क्यूएलनेही २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसन आणलं, तेव्हा जुनं ऑटोकॉन्फ लगेच काढून टाकलं नव्हतं. आपल्यासारख्या चार जणांच्या ग्रुपने मात्र जुनं बंद करायची तारीख आधीच ठरवावी. दोन वह्या सांभाळायला आपल्याकडे माणसं नाहीत.

शेवटी सरांना आणि मॅडमना एक विनंती. सबमिशनआधी प्रत्येक प्रोजेक्ट लॅबमधल्या कोऱ्या मशीनवर, ग्रुपबाहेरच्या थर्ड इयरच्या मुलाकडून, फक्त रीडमी वाचून बिल्ड करवून घ्या. ग्रुपमधल्या कोणी तोंड उघडायचं नाही! त्याला टर्म वर्कचे पाच मार्क ठेवा. आपल्याकडे मार्क असले की मुलं काहीही शिकतात, बिल्डही शिकतील. आणि चार जणांचं वर्षभराचं काम कपाटात जायच्या ऐवजी पुढच्या बॅचच्या हातात पडेल.