जायफळाचा काय दोष?

झोप येत नाही असे गंगापुरात कुणाला सांगू नये. घरटी एक वैद्य निघतो. एक म्हणतो, जायफळ उगाळून दुधातून घ्या. दुसरा म्हणतो, काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा. मी दोन्ही केले. डोळा लागतो न लागतो तोच वरातीचा भोंगा तळपायापासून टाळूपर्यंत घुमला! अहो, चिमूटभर जायफळाने भोंग्याशी किती झुंजावे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. झोपेचे खरे औषध हे! पण पथ्य पाळायचे भोंगेवाल्याने, म्हणून काढे प्यायचे आम्ही. वरातीत जाऊन हा नियम सांगितला, तर खसखस पिकली. तीही म्हणे दुधातून घेतली की झोप लागते!