व्यसन ‘रक्तातच’ असतं का?

“डॉक्टरसाहेब, आजा पीत होता, बाप पीत होता. आमच्या रक्तातच हाय ते. सुटणार कसं?” उमापूर भागात हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. पण तो एका जनुकाचा नाही. २०१९ मध्ये सुमारे १२ लाख लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान आणि दारूच्या सवयींशी जोडलेल्या चारशेहून जास्त जागा आढळल्या. एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ.

यातला कोणता बदल पुढे अभ्यासायचा? इथेच खरी अडचण आहे. शेजारशेजारचे बदल पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच येतात. म्हणजे गल्ली सापडते, चोर सापडत नाही. १९९० मध्ये ३५ मद्यपी आणि ३५ इतर मृतांच्या मेंदूंच्या तपासणीवरून डीआरडी२ जनुकाकडे बोट दाखवलं गेलं आणि मोठा गाजावाजा झाला. पुढे अनेक अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. तो बदलही मुळात शेजारच्या जनुकात निघाला.

याउलट सीएचआरएनए५ पाहा. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं, त्या कुलपाचा एक भाग हे जनुक बनवतं. त्यातलं एक अक्षर बदललं की कुलपाची घडण बदलते. हा बदल असलेले धूम्रपान करणारे जास्त सिगारेटी ओढतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं.

म्हणून निवडीच्या दोन कसोट्या: निष्कर्ष पुन्हा मिळतो का, आणि त्या बदलाने शरीरात खरंच काही बिघडतं का. माझ्या मते तिसरीही हवी: तो आपल्या लोकांना लागू आहे का? बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर आणि सिगारेटवर झालेत. आपल्याकडे माणूस तंबाखू मळतो, गुटखा खातो, बाई मिश्री लावते. चीन-जपानमध्ये दारू पिताच चेहरा लाल करणारा एक बदल पुष्कळांत असतो. तो त्यांना व्यसनापासून काहीसा वाचवतो, पण आपल्याकडे तो क्वचितच आढळतो. तिकडचं उत्तर इथे जसंच्या तसं चालत नाही.

तोवर ‘व्यसनाची जनुकं’ सांगणाऱ्या महागड्या चाचणीवर पैसे घालवू नका. तिच्यावरून तुमचे उपचार बदलणार नाहीत. घरात व्यसन असेल तर अर्थ एवढाच: तुम्ही पहिल्या घोटापासून, पहिल्या पुडीपासून इतरांपेक्षा जास्त जपायचं. मुलांनाही हे उघड सांगा.

तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र ती अचानक बंद करू नये. झटके येऊ शकतात, आधी डॉक्टरांना भेटा.

बापाकडून जमीन येते. त्यात काय पेरायचं, हे बऱ्याच अंशी आपल्याच हातात असतं.